तापीचे पाणी, उकाईचे धरण आणि आपण



ज्या शाळेत नववीच्या सहामाहीत मी गणितात नापास झालो, त्याच शाळेने एक अभियंता म्हणून मला या व्याख्यानासाठी पाचारण करावे, हा मी सरांचाच विजय समजतो. खानदेशातून सुरतेत मागावर काम करण्यासाठी आलेल्या कुटुंबांतील आम्ही मुले. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात पुस्तकी मराठी, अशा तीन भाषांत आमची ओढाताण होत असे. सर भूगोल शिकवीत. त्यांचा पाठ भिंतीवरच्या नकाशापाशी सुरू होई आणि बहुधा तापीच्या काठी संपे. आजचा विषय मी त्यांच्या आठवणीनेच निवडला आहे. देशाला पाणी हवे, वीज हवी, म्हणून धरणे बांधावीत काय, आणि बांधली तर कशी सांभाळावीत, हा तो विषय. या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. ते आपल्या उशाशी, शंभरएक किलोमीटरवर उभे आहे.

प्रथम नदीची ओळख करून घेऊ. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करीत तापी डुमसजवळ समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे आहे. त्यापैकी ५१ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आणि चार हजारांहूनही कमी गुजरातेत. म्हणजे सुरतेच्या दारात येणारे पाणी मुख्यतः विदर्भ-खानदेशावर पडलेले असते. आकाश निरभ्र असतानाही सुरतेला पूर येतो, याचे कारण हे आहे. आपल्या घरांत माणसे आली ती ज्या वाटेने, त्याच वाटेने नदीही येते.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात काकरापारला तापीवर बंधारा बांधण्यात आला. तो १९५४ साली पूर्ण झाला. बंधारा पाणी अडवून कालव्यांत वळवतो, परंतु पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवून ठेवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यासाठी त्याच्या वरच्या बाजूला, सुमारे २९ किलोमीटरवर, उकाईचे धरण उभे राहिले आणि १९७२ साली पूर्ण झाले. जवळजवळ पाच किलोमीटर लांबीची भिंत, २२ दरवाजे आणि आरंभीची एकूण साठवण ८,५११ दशलक्ष घनमीटर. आपल्या नेहमीच्या हिशोबात सांगायचे तर सुमारे ३०० टीएमसी, म्हणजे कोयनेच्या जवळजवळ तिप्पट. पायथ्याशी ७५ मेगावॅटची चार जनित्रे बसली. आज ३०० मेगावॅट हा आकडा लहान वाटतो. पण जलविद्युत केंद्राचे मोल केवळ आकड्यात नसते. औष्णिक संच थंड पडला तर तो पुन्हा तापवायला तास लागतात. पाण्यावरचे जनित्र मात्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलते. संध्याकाळी गावोगाव एकाच वेळी दिवे लागतात, तेव्हा ही तत्परता उपयोगी पडते. शिवाय उकाईचे औष्णिक केंद्र आणि काकरापारचे अणुवीज केंद्र या दोन्हींना याच पाण्याचा आधार आहे. अणुवीज केंद्रात आज २२० मेगावॅटचे दोन आणि ७०० मेगावॅटचे दोन संच आहेत. वीज कोळशाची असो वा अणूची, यंत्र थंड ठेवायला पाणी लागतेच.

वीज नसणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. लाइट गेली की माग बंद, आणि माग बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. माझे वडील ज्या खात्यात काम करीत, तिथे रात्रपाळीला वीज गेली की कामगार मागाशेजारीच अंधारात बसून राहत. घरी गेले आणि मध्येच लाइट आली तर पाळी दुसऱ्याच्या हाती जायची. म्हणून धरणे नकोतच असे कोणी म्हणू लागले, की मला तो अंधार आठवतो.

परंतु मला दुसरेही काही आठवते. १९७० साली, आम्ही अकरावीत असताना, सर आम्हाला उकाईला सहलीला घेऊन गेले. काम जोरात चालू होते. मालमोटारींची रांग, मातीचे डोंगर, सिमेंटची धूळ. आम्ही मुले थक्क होऊन पाहत होतो. सरांनी विचारले, "या भिंतीच्या मागे काय असेल?" सगळे ओरडले, "पाणी!" मी गप्प होतो. सरांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी म्हणालो, "सर, माझ्या मामांचं गाव."

मित्रहो, या धरणाच्या जलाशयाने दीडशेहून अधिक गावे पूर्णतः वा अंशतः पोटात घेतली. त्यांत बहुसंख्य भिल्ल, गामीत, मावची अशा आदिवासींची होती. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवे या तालुक्यांतील १५६ गावे गुजरातेत गेली. त्यामागे उकाईच्या बुडीत क्षेत्राचा विचार होता. म्हणजे तिथल्या माणसांचे प्रथम राज्य बदलले आणि मग गाव गेले. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. उकाई तर तोवर भरून चार वर्षे झाली होती. त्या काळी हाती होता तो १८९४ सालचा भूसंपादनाचा कायदा. त्यात जमिनीची किंमत होती, जमिनीवर जगणाऱ्या माणसाची तरतूद नव्हती.

मामांना रोख पैसे मिळाले. शेतकऱ्याच्या हाती आलेली रोकड किती दिवस टिकते, हे आपण जाणता. एक लग्न, एक आजारपण, आणि ती संपली. जलाशयाच्या काठी वरच्या माळावर त्यांनी झोपडी घातली. डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या आणि घरात चिमणी जळत होती. पुढे थंडीच्या दिवसांत ते ऊसतोडीला खाली बारडोलीच्या बाजूला येऊ लागले. काकरापार-उकाईच्या कालव्यांनी त्या पट्ट्यात उसाची समृद्धी आली. तो ऊस तोडायला खानदेशातून आणि डांगातून टोळ्या येतात, त्यांना तिथे 'कोयता' म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव! आपल्या शेतावरून वाहून आलेल्या पाण्यावर पिकलेला ऊस मामा मजुरीने तोडीत होते. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदाच मला म्हणाले, "भाच्या, तू इंजिनेर झालास. आता मोजताना माणसं पण मोज."

आज या व्यासपीठावरून एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका लहान धरणाच्या बुडीत क्षेत्राची मोजणी माझ्याकडे होती. धरणाचे नाव सांगत नाही. विहिरी मोजल्या, आंब्याची झाडे मोजली, घरांची कौले मोजली. पण ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, जे दुसऱ्याच्या शेतावर राबत होते वा गायरानावर राहत होते, त्यांच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. मी रकाना वाढवू शकलो असतो, निदान एक टिपण जोडू शकलो असतो. मी तक्ता भरला, सही केली आणि मामांचे शब्द आठवत असतानाही तो वर पाठवला. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तरी ती सही डोळ्यांपुढून जात नाही.

आता पुराकडे वळतो. ऑगस्ट १९६८ चा पूर आपल्यापैकी वृद्धांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर सरांनी आमच्या वर्गाच्या भिंतीवर पुराची पातळी दाखवणारी एक रेषा ओढली आणि पुढे ती तेलरंगाने पक्की केली. दर वर्षी नव्या मुलांना ते ती दाखवीत. धरण पूर्ण झाल्यावर सुरत निर्धास्त झाली. नंतरच्या पिढीला ती रेषा म्हणजे रंगाऱ्याची चूक वाटे. १९९४ साली पूर आला आणि मागोमाग प्लेगाचे संकट आले. १९९८ साली पुन्हा पूर आला. आणि ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले, तेव्हा बहुतांश शहर पाण्याखाली गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. चिखल काढण्यासाठी आम्ही माजी विद्यार्थी शाळेत जमलो, तेव्हा नव्या पाण्याचा डाग सरांच्या रेषेच्या चार बोटे वर होता.

या चार बोटांचा अर्थ समजून घ्या. १९६८ च्या पुराचा लोंढा सुमारे १५ लाख क्युसेकचा होता. २००६ चा नऊ लाखांचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पाणी इतके कमी असताना पातळी मात्र चढलेली. होप पुलावरच्या मोजपट्टीनेही हेच दाखवले: दोन्ही वेळी बारा मीटरच्या वर आणि २००६ साली अधिक. कारण उघड आहे. नदीचे पात्र आपण अरुंद केले. काठावर वस्त्या आल्या, पाळे बांधले, भराव पडले, गाळ साचला. धरण आपले रक्षण करील या भरवशावर आपण नदीच्या अंथरुणात पाय पसरले.

दुसरे कारण धरणाच्या स्वभावातच आहे. उन्हाळ्यात घरात भरलेला माठ हवा. पावसाळ्यात गळक्या छपराखाली ठेवायला रिकामे भांडे हवे. आपण एकाच भांड्याकडून दोन्ही कामे मागतो. सिंचन आणि वीज म्हणतात धरण भरा, पूरनियंत्रण म्हणते रिकामे ठेवा. ऑगस्टच्या आरंभी किती भरावे आणि किती रिते ठेवावे, हा निर्णय घेणाऱ्याला पुढच्या आठ दिवसांचा पाऊस माहीत नसतो. भरले आणि पूर आला तर शहर बुडते. रिते ठेवले आणि पाऊस रुसला तर कालवे कोरडे पडतात आणि लोक त्यालाच दोष देतात. २००६ साली धरणात येणारा लोंढा सोडलेल्या पाण्याहून मोठा होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. धरण नसते तर हाहाकार याहून मोठा झाला असता. परंतु पाणी आधीपासून थोडे थोडे सोडले असते तर तो पुष्कळ टळला असता, हे म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही सत्य आहे.

मग करावे काय? माझे म्हणणे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, उकाईची भिंत आता आहे आणि ती लागणार आहे. तिची साठवण गाळाने घटत चालली आहे. पुढच्या मोजण्यांत ८,५११ चा आकडा सुमारे ७,४०० वर आला. गाळ येतो तो वरच्या उघड्या डोंगरांवरून. म्हणून सुरतेचे धरण सांभाळण्याचे काम सातपुड्याच्या उतारावर, झाडे लावून आणि शेतांना बांध घालून करावे लागेल. दुसरी गोष्ट, पावसाची खबर. २००६ नंतर वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि धरणातील आवक पाहून शहराला आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभी राहिली. तिच्यावर होणारा खर्च नव्या भिंतीच्या मानाने नगण्य आहे. तिसरी गोष्ट, नवे पाणी शोधण्यापूर्वी वापरलेले पाणी पुन्हा वापरणे. आपल्याच महानगरपालिकेने २०१४ साली बमरोलीला सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना दिवसाला चार कोटी लिटर पाणी देण्याची सोय केली. एवढे पाणी कोणतेही गाव न बुडवता मिळाले. विजेचेही तसेच आहे. महेसाणा जिल्ह्यात चंद्रासणला २०१२ साली कालव्यावर सौर पट्ट्या बसवून वीज निर्माण करण्यात आली. दिवसा सूर्य आणि संध्याकाळी धरण, अशी वाटणी केली तर उकाईची ३०० मेगावॅट अधिक मोलाची ठरेल.

आणि चौथी गोष्ट. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तोही मुंबईला वीज पुरवणाऱ्या धरणाविरुद्ध. शंभर वर्षांत प्रश्न बदललेला नाही: दिवा कोणाचा आणि अंधार कोणाचा? यापुढे कोठेही धरण बांधायचे असेल, तर जो उठणार आहे त्याच्या घरी पहिले पाणी आणि पहिला दिवा गेला पाहिजे, आणि तोही भिंत पूर्ण होण्यापूर्वी. खर्चाच्या अंदाजपत्रकातला हा पहिला रकाना असावा. तो शेवटी ठेवला की पैसे संपलेले असतात, हे मी नोकरीत पाहिले आहे.

मामा आता नाहीत. त्यांची नात या शाळेच्या विज्ञान शाखेत शिकते आणि आज समोर बसली आहे. मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. यंदा इमारतीला रंग देण्याचे घाटत आहे असे ऐकले. सरांची १९६८ ची रेषा आणि तिच्या वरचा २००६ चा डाग, दोन्ही रंगाखाली जाऊ देऊ नका. शेजारी साल आणि पाण्याचा आकडा लिहा, आणि भूगोलाच्या पहिल्या तासाला मुलांना तिथे उभे करा. सर तसेच करीत असत.