काजव्यांच्या रानात एक मुक्काम



मे महिना सरत आला,
की देवळाली कॅम्पातल्या घरोघरी एक बेत शिजू लागतो.
घोटीमार्गे भंडारदऱ्याला जायचं.
तंबूत रात्र काढायची,
आणि मुलांना काजवे दाखवायचे.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा.
१९८६ मध्ये ते जाहीर झालं.
पाऊस तोंडावर आला,
की इथले हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ लखलखू लागतात.

हा प्रकाश म्हणजे काजव्यांचं बोलणं.
नर चमकतो, मादीला साद घालतो.
मादी उजेडानंच उत्तर देते.
मध्येच आपल्या गाडीचा दिवा आला,
की साद पोचत नाही.
जोडी जमत नाही.
म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे घटले.

म्हणून श्रोतेहो, अंधार राखा.
झाडाजवळ मोबाइलचा फ्लॅश नको.
फोटो तसाही धड येत नाही!
बॅटरी लागलीच, तर तिच्यावर लाल कागद बांधा.
उजेड पायांपाशीच ठेवा.
पायवाट सोडू नका.
काजवे गवतात, झुडपांवरही बसलेले असतात.

मुक्काम गावकऱ्यांच्या तंबूत करा.
गरम पिठलं-भाकरी मिळते,
आणि पैसा गावातच राहतो.
वळवाची सर कधीही येते.
मुलांचे जादा कपडे घ्या.

पुन्हा सांगते, अंधार राखा.
मुलांना हे घरूनच समजावून न्या.

काजवे पाहण्याच्या वेळा वनविभाग ठरवतो.
निघण्याआधी चौकशी करा,
नाक्यावर पावती घ्या,
आणि आपलं प्लास्टिक आपल्यासोबत परत आणा.