अफूचे व्यसन आणि रुग्णालयाचे पहिले दार



बडोद्याचे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सयाजी’, हे मध्य गुजरातमधील मोठे शासकीय रुग्णालय होय. १९४९ साली स्थापन झालेले बडोदे वैद्यकीय महाविद्यालय त्यास संलग्न आहे. छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोद येथूनच नव्हे, तर मध्य प्रदेशातील झाबुआ व अलिराजपूर या भागांतूनही रुग्ण तेथे येतात. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, ज्याला सारे कॅज्युअल्टी म्हणून ओळखतात, सर्पदंश, अपघात आणि भाजण्याच्या गर्दीत अधूनमधून एक निराळा रुग्ण आणला जातो. तो हाकेला ओ देत नाही. ओठ निळसर पडलेले असतात, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात आणि श्वास मिनिटाला पाच-सहा वेळाच चालतो. सोबतचे नातेवाईक कधी ‘चक्कर आली’ म्हणतात, कधी ‘उन्हाने झाले’ म्हणतात. खरे कारण सांगावयास कोणी धजत नाही. अफू, ब्राऊन शुगर किंवा तत्सम गोळ्या यांची मात्रा अधिक झाली, हे ते कारण होय.

अफू या प्रदेशाला नवी नाही. जुन्या बडोदे संस्थानात, विशेषतः उत्तरेकडील कडी प्रांतात, अफूची लागवड होत असे आणि तिच्या व्यापारावर संस्थानाची मक्तेदारी होती. सौराष्ट्रात व उत्तर गुजरातमध्ये काही समाजांत पाहुण्याच्या ओंजळीत कसुंबा, म्हणजे अफूचे पाणी, देण्याची रीत होती. मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलाला बाळागोळी देत आणि तिच्यात अफू असे. त्या मातांना दोष देणे सोपे आहे. मूल सांभाळण्यास घरी कोणी नसताना त्यांनी दुसरे काय करावयाचे होते, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. खाण्यासाठी अफू विकणे दहा वर्षांत बंद करावयाचे असे १९४९ साली ठरले, आणि १९५९ पासून ती केवळ नोंदणीकृत व्यसनी व्यक्तींनाच वैद्यकीय कारणासाठी मिळू लागली. १९८५ साली अंमली औषधीद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला आणि जुने कायदे मागे पडले.

पदार्थ बदलला, पण व्यसन गेले नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. हेरॉईन घेणारे १.१४ टक्के, वेदनाशामक गोळ्या व खोकल्याची औषधे नशेसाठी वापरणारे ०.९६ टक्के, तर अफू व डोडा घेणारे ०.५२ टक्के असे तिचे अनुमान आहे. उपचाराची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. गावातील वृद्धाची अफूची गोळी आता मागे पडली असून औषधाच्या दुकानातील पट्टी पुढे आली आहे, असा या आकड्यांचा अर्थ आहे. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८ च्या एप्रिल महिन्यात अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली, ती याच कारणाने. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कच्छच्या मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. त्या बातमीने सर्वांचे डोळे विस्फारले, परंतु पट्टीतील गोळीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

अफूवर्गीय पदार्थ मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंद करतात. माणूस झोपतो आणि झोपेतच श्वास घेण्याचे थांबतो. यावर नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन आहे. अफूचा अंश मेंदूत ज्या जागी चिकटतो, ती जागा हे औषध बळकावते आणि काही मिनिटांतच रुग्ण डोळे उघडतो. पाहणाऱ्यास हा चमत्कार वाटावा. परंतु येथेच एक धोका आहे. नॅलोक्सोनचा परिणाम अर्धा ते दीड तास टिकतो, तर पोटात गेलेला पदार्थ पुष्कळदा त्याहून अधिक काळ राहतो. शुद्धीवर आलेला रुग्ण ‘मला बरे आहे’ म्हणून उठून गेला, तर वाटेतच त्याचा श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून डॉक्टर थांबावयास सांगतात तेव्हा थांबले पाहिजे. घरच्या मंडळींनी अशा रुग्णास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा, दूध पाजण्याचा वा बळेच चालविण्याचा प्रयत्न करू नये. बेशुद्ध माणसाच्या घशात घातलेले पाणी फुप्फुसात जाते. त्यास कुशीवर निजवावे, तोंड मोकळे ठेवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि श्वास थांबल्यास व माहीत असल्यास तोंडाने श्वास द्यावा. गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली तर ती सोबत न्यावी. डॉक्टरांना तिचा उपयोग दहा प्रश्नांहून अधिक होतो.

जीव वाचला, पण पुढे काय, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा प्रसंगातून वाचून तातडीच्या विभागातून घरी गेलेल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासण्यात आली. त्यांतील सुमारे साडेपाच टक्के रुग्ण वर्षभरात मरण पावले आणि या मृतांपैकी पाचांतील एक पहिल्याच महिन्यात गेला. म्हणजे ज्या माणसाला रुग्णालयाने काल वाचविले, तोच माणूस पुढील काही आठवडे सर्वाधिक धोक्यात असतो. तरीही बहुतेक ठिकाणी त्याच्या हाती एक चिठ्ठी दिली जाते आणि ‘व्यसनमुक्ती केंद्रात जा’ एवढेच सांगितले जाते. तलफेने अंग मोडून आलेल्या, जांभया देणाऱ्या, नाका-डोळ्यांतून पाणी वाहणाऱ्या, जुलाबाने हैराण झालेल्या रुग्णाच्या बाबतीतही हेच घडते. त्याला बरे वाटावयाचे साधन अड्ड्यावर पाच मिनिटांत मिळते, आणि केंद्रातील तारीख पुढच्या आठवड्याची असते. तो कोठे जाईल, हे सांगावयास नको.

याच प्रश्नावर येल विद्यापीठातील डॉक्टरांनी एक प्रयोग केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात आलेल्या ३२९ व्यसनी रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला केवळ केंद्राचा पत्ता दिला, दुसऱ्यास थोडा वेळ समजावून सांगितले, आणि तिसऱ्यास समजावण्याबरोबर तेथेच ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची सुरुवात करून दिली. महिन्याने पाहिले तेव्हा पहिल्या गटातील ३७ टक्के, दुसऱ्यातील ४५ टक्के, तर तिसऱ्यातील ७८ टक्के रुग्ण उपचार घेत होते. जिभेखाली ठेवावयाच्या या गोळीने तलफ शमते, पण नशेची लाट येत नाही आणि श्वासही सहसा धोक्यात येत नाही. एका व्यसनाच्या जागी दुसरे दिले, अशी टीका होते. मधुमेह्याच्या इन्सुलीनबद्दल असे कोणी म्हणत नाही. भारतात ही गोळी साध्या औषध दुकानातून विकली जात नाही, ती मान्यताप्राप्त केंद्रांना पुरविली जाते. त्यामुळे तातडीचा विभाग आणि मानसोपचार विभाग यांच्यात एका फोनचे अंतर राहील, अशी व्यवस्था रुग्णालयाने स्वतः उभी करावी लागते. जेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, ही मोठी सोय आहे.

नातेवाईकांना भीती वाटते ती पोलिसांची. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते, हे खरे आहे. परंतु आधी उपचार आणि मग कागद, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. शिवाय १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्यास संरक्षण मिळते. मात्र उपचार अर्ध्यावर सोडल्यास हे संरक्षण जाऊ शकते. ही तरतूद तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना पाठ असावयास हवी.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी व पालकांनी ध्यानात ठेवावयाची आहे. तुरुंगातून वा व्यसनमुक्ती शिबिरातून काही आठवड्यांनी घरी परतलेल्या तरुणाच्या शरीराची सवय ओसरलेली असते. त्याने जुन्याच मात्रेने पुन्हा घेतले, तर पूर्वी जी मात्रा पचत होती तीच जीव घेते. घरी आला म्हणजे सुटला, असे मानणारी घरे त्या पहिल्या महिन्यात बेसावध असतात. त्या काळात त्यास खोलीत एकटे, दार आतून लावून झोपू देऊ नये. औषध सुरू असल्यास ते डॉक्टरांच्या सांगण्यावाचून थांबवू नये, आणि उपचार कोठे मिळतील हे १४४४६ या शासनाच्या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर विचारावे.