विज्ञानकथा पिंपळनेरात का घडू नये?

पिंपळनेरहून बोलतोय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, “भाऊ, सायन्स फिक्शन लिहायला सुरुवात कशी करायची?”

आधी माझी फजिती सांगतो. कॉलेजात पहिली कथा लिहिली. हिरो जॉन, गाव न्यूयॉर्क. आजीला वाचून दाखवली. तिने एकच विचारलं, “हाऊ जॉन खास काय रे?” मला सांगताच येईना! जॉन काय खातो, कुठे झोपतो, कशाला घाबरतो, काहीच माहीत नव्हतं. कथा तिथेच मेली.

आता जयंत नारळीकरांचं ऐका. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नाव टाकलं नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. उलटं केलं, ना. वि. ज.! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं, ते नावाला नाही, कथेला.

मग आपली कथा कुठून आणायची? आपल्या साक्री तालुक्यातच ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत ना, तिथूनच.

समजा, एका रात्री वारा पार पडलाय. झाडाचं पान हलत नाही. तरी एकच पवनचक्की फिरतेय. हा झाला एक बदल. दुसरा करू नका, बाकी गाव जसंच्या तसं ठेवा.

आता नियम ठरवा. ती फिरते तोवर गावाला फुकट वीज, पण तासाला विहिरीचं पाणी हातभर खाली जातं. कारण विज्ञानातलं असेल तर विज्ञानकथा. डोंगरातली जुनी शक्ती असेल तर अद्भुतकथा. पण नियम मध्येच मोडायचा नाही. शेवटी अडचण आली म्हणून पाणी आपोआप वाढलं, असं केलंत की वाचक गेलाच समजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे आधी दिसतं कोणाला? रात्री लाईट येते म्हणून कांद्याला पाणी भरायला गेलेल्या माणसाला. त्याला वीजही हवी, पाणीही हवं. तो गावाला सांगेल की गप्प बसेल? तुमची कथा इथे आहे. यंत्र फक्त त्याला कोंडीत पकडायला.

तर आज रात्री एक पान लिहा. एक बदल, एक नियम, एक अडकलेला माणूस. माणसं अहिराणीत बोलली तरी चालेल, उलट बोलू द्याच. आणि तो काय खातो, तेवढं माहीत असू द्या!

भेटू पुढच्या भागात.