विजेची गाडी आणि चालकाचा वेळ

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



मी कला शाखेचा पदवीधर आहे. किलोवॅट म्हणजे काय आणि युनिट म्हणजे काय, हा भेद मला पन्नाशी उलटल्यावर, तोही विजेवरची मोटार दारात येऊन उभी राहिल्यानंतर कळला. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर एक चालक आणि थोडाबहुत पत्रकार म्हणून मी आपल्याशी बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही उभयता पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. अंतर सुमारे २३० किलोमीटर. माझ्या गाडीची बॅटरी ३० युनिटांची, म्हणजे प्रत्यक्षात १८०-२०० किलोमीटर चालणारी. वाटेत एकदा थांबावे लागणार हे ठाऊक होते. कऱ्हाडच्या आसपास पोचलो तेव्हा १४ टक्के उरले होते. पहिल्या हॉटेलात चार्जर होता, पण त्याचा पडदा काळाठिक्कर. तिथला मुलगा म्हणाला, "साहेब, चार दिवस झाले बंद आहे. फोन केलाय त्यांना." दुसरीकडे चार्जर चालू होता, मात्र त्याच्यापुढे पेट्रोलची मोटार उभी करून मंडळी आत जेवायला बसली होती. तिसऱ्या ठिकाणी यंत्रही चालू आणि जागाही मोकळी. पण त्या कंपनीचे अ‍ॅप माझ्या मोबाईलमध्ये नव्हते. ते उतरवून घ्या, नाव नोंदवा, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा, आणि ओटीपी काही येईना! अखेर एका तरुण टॅक्सीचालकाने स्वतःच्या मोबाईलवरून चार्जर सुरू करून दिला. मी त्याला रोख पैसे दिले, तेही त्याने संकोचत घेतले.

हिशेब मांडला तर आमचे एकूण दोन तास दहा मिनिटे गेली. त्यातली प्रत्यक्ष चार्जिंगची मिनिटे फक्त चाळीस. यंत्र दुप्पट वेगवान असते, तर माझी वीस मिनिटे वाचली असती. पहिलाच चार्जर चालू असता, तर दीड तास वाचला असता. आज या विषयावरची सारी चर्चा त्या वीस मिनिटांभोवती फिरते. दीड तासाचा हिशेब कोणी विचारीत नाही.

या वीस मिनिटांमागचे शास्त्रही समजून घेण्याजोगे आहे. चार्जर ६० किलोवॅटचा आहे म्हणून गाडी ६० घेते असे नाही. किती घ्यायचे हे गाडीतील नियंत्रक ठरवितो. आगारात रिकामी एस.टी. लागली की पहिले प्रवासी भराभर बसतात. गर्दी झाल्यावर चढणाऱ्याला मात्र जागा शोधत आत सरकावे लागते. बॅटरीतही तसेच होते. लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. जागा उरली नसताना रेटा दिला, तर धातूचा थर वरच साचतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून साधारण ८० टक्क्यांनंतर गती मुद्दाम मंद केली जाते. शेवटचे २० टक्के भरण्यासाठी रांगेतल्या दुसऱ्याला अर्धा-पाऊण तास तिष्ठत ठेवणे हे अडाणीपणाचे आहे, आणि ते सुशिक्षित माणसे करतात. मे महिन्याच्या उन्हात बॅटरी आधीच तापलेली असते, त्यामुळे गती आणखी उतरते.

आठशे व्होल्टच्या नव्या गाड्या १० वरून ८० टक्क्यांवर अठरा मिनिटांत पोचतात, असे एक कोरियन कंपनी सांगते. परंतु त्यासाठी ३५० किलोवॅटचा चार्जर लागतो. साडेतीन किलोवॅट भाराची शंभर घरे एकदम पेटवावीत, एवढी ती वीज. रोहित्र आणि उच्चदाब जोडणी असल्याखेरीज ते जमत नाही. महामार्गावर ते हवेच. गल्लोगल्ली ते शक्यही नाही आणि आवश्यकही नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले, की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. म्हणून परवाना नको. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मार्गदर्शक तत्त्वे आली. शहरात तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात एक केंद्र आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंस एक, असे उद्दिष्ट त्यांत ठेवले गेले. उद्दिष्ट उत्तम. पण मोजले गेले ते अंतर. नकाशावर बंद पडलेला चार्जरही एक ठिपकाच असतो. अमेरिकेने २०२३ मध्ये आपल्या केंद्रीय निधीतून उभारलेल्या चार्जरांना ९७ टक्के काळ चालू राहण्याची अट घातली. युरोपीय संघाने १३ एप्रिल २०२४ पासून नव्या वेगवान चार्जरांवर साध्या बँक कार्डाने पैसे भरण्याची सोय सक्तीची केली. आपल्याकडे तर २०१६ पासून यूपीआय आहे. भाजीवाल्याला पैसे देताना त्याचे अ‍ॅप कोणते, हे आपण विचारत नाही. मग चार्जरपाशीच प्रत्येक कंपनीचे वेगळे वॉलेट का?

प्रमाणीकरणातही आपण ठेच खाऊन शिकलो. २०१७ मध्ये 'भारत डीसी-००१' हे १५ किलोवॅटचे मानक आले आणि त्यानुसार चार्जर बसले. २०२० पासून ज्या मोटारी लोकांनी घेतल्या त्यांना सीसीएस-२ हा निराळाच प्लग. जुने चार्जर त्यांच्या काय कामाचे? दुचाकींसाठी मात्र भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये देशातच विकसित झालेल्या जोडणीला मान्यता दिली, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता घराकडे वळतो, कारण सर्वांत सोयीचा चार्जर घरीच असतो. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिट मिळतात. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला सहा-सात युनिट पुरतात. म्हणजे रात्री झोपेत दोन-अडीच तास. गाडी दिवसातले बावीस तास उभीच असते. ती उभी असते तिथे वीज मिळाली, तर वेगाचा प्रश्न बहुतांशी मिटतो.

पण आमच्या सोसायटीत तो मिटायला चौदा महिने लागले. "आग लागली तर?" हा पहिला प्रश्न. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून गाडी चार्जिंगला लावणारे मी पाहिले आहेत, आणि ते खरोखरच धोक्याचे आहे. त्यावरचा उपाय म्हणजे मीटरखोलीतून स्वतंत्र केबल, योग्य एमसीबी, गळती ओळखणारे आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. हे दाखवूनही अर्ज पुढच्या सभेवर ढकलला जाई. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन ई-वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची तरतूद झाली. तो कागद मी सभेत वाचून दाखविला, तेव्हा कुठे ठराव मंजूर झाला. नव्या इमारतींत २० टक्के पार्किंगला ही व्यवस्था असावी, असे केंद्राचे आदर्श बांधकाम नियम २०१९ पासून सांगतात. घर घेताना बिल्डरला हे विचारा.

ज्यांना घरी पार्किंगच नाही, त्यांचे काय? रिक्षाचालकाचा प्रत्येक तास हा मजुरीचा तास असतो. त्याला चार्ज झालेली बॅटरी दोन-तीन मिनिटांत बदलून मिळणे हाच मार्ग सोयीचा. तैवानमध्ये दुचाकींसाठी २०१५ पासून हे चालू आहे. आपल्याकडेही जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. अडचण एवढीच, की एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या गाडीत बसत नाही, आणि रिक्षावाला ज्या कंपनीचा होतो तिचाच होऊन राहतो.

मी कोल्हापूरला अजूनही जातो. निघण्यापूर्वी चार अ‍ॅप उघडतो आणि त्या हॉटेलला फोन करून विचारतो, "चार्जर चालू आहे ना?" परवा उत्तर आले, "चालू आहे साहेब, पण लवकर या."