पिशव्यांजवळ कोण बसणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बजावले आहे, "जुन्या सहलींच्या गमती सांगा, बायका हसल्या पाहिजेत." मी मान डोलावली. पण घरी जाऊन फोटोंचा जुना डबा उघडला, आणि एक फोटो हाती लागून हसू जरा बाजूलाच राहिले. त्याचे कारण ओघाने येईलच. आधी गंमत.

चाळीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन कात्रपला आले, तेव्हा आजच्या इमारतींच्या जागी भाताची खाचरे होती. पावसाळ्यात रात्रभर बेडकांचे गाणे, तीच काय ती करमणूक. मुलांना काही दाखवायचे म्हणजे बदलापूर स्टेशन गाठायचे आणि मुंबईची गाडी धरायची. मे महिन्यात एक सहल, हा आमच्या घरचा नेम. पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या, बटाट्याची भाजी करायची, आणि घरची गडीमाणसे अंघोळ करून "झाले का?" म्हणून विचारायला येईपर्यंत डबे बांधून तयार ठेवायचे!

माझे माहेर परळचे. त्यामुळे १८६२ साली सुरू झालेली राणीची बाग माझ्या ओळखीची. लहानपणी तिथे मी हत्तीवर बसून फेरी मारलेली आहे. वर चढताना ऐट आणि उतरताना रडे. आजची मुले त्याच बागेत काचेपलीकडचे पेंग्विन पाहतात. हत्तीची फेरी गेली, आणि खरे सांगायचे तर बरे झाले. त्या मुक्या जिवाला दिवसभर पोरे वाहण्याची हौस थोडीच होती! सगळेच गेलेले हळहळण्याजोगे नसते.

पण काही गोष्टींची रुखरुख वाटतेच. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. मी तेव्हा कडेवर होते म्हणे. म्हणजे बसले असूनही मला ती आठवत नाही. चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. तिथला तो गार अंधार आणि निळ्या उजेडात फिरणारे मासे आठवले की अजून उन्हाळ्याचा ताप कमी झाल्यासारखे वाटते. तेही पुढे बंद झाले. दिल्लीला एशियाडच्या हत्तीचे नाव दिलेले अप्पू घर १९८४ साली निघाले. आमच्या नणंदबाईंनी मुलांना ते दाखवायचे कबूल केले होते. त्यांचे बोलावणे येता येता २००८ साली अप्पू घरच उठले.

अहो, मोठमोठ्यांची ही गत. आपण ज्याला आकाशपाळणा म्हणतो, तो पोलादाचा अवाढव्य पाळणा अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात १८९३ साली फेरिस नावाच्या इंजिनियराने उभारला. २६४ फूट उंच! जगाने तोंडात बोट घातले. आणि १९०६ साली तोच पाळणा सुरुंग लावून पाडला. तेव्हा पाळण्यांचे आयुष्य माणसांपेक्षा मोठे असते असे समजू नये.

आता तो फोटो. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड निघाले. जाहिराती पाहून मुलांनी घर डोक्यावर घेतले. पाच वर्षे "पुढच्या सुटीत" म्हणून ढकलले आणि अखेर १९९४ च्या मेमध्ये निघालो. हे, मी, दोन मुले, धाकटे दीर, आणि सासूबाई. दादरला गाडी बदलली, बोरिवलीला उतरलो, बसने खाडीवर गेलो, डबे तिथेच संपवले आणि बोटीत बसलो. खाडीच्या पाण्यापलीकडे ते पाळणे दिसू लागले, तेव्हा मुलांपेक्षा मीच जास्त उतावीळ झाले होते. एकदा तिकीट काढले की बहुतेक पाळण्यांत हवे तितक्यांदा बसा, असा तिथला रिवाज. म्हणून "पैसे वसूल झाले पाहिजेत" असे ह्यांनी दारातच जाहीर केले.

आणि आम्ही ते वसूल केले! झिपर डिपर नावाची ती गाडी रुळांवरून अशी काही खाली झेपावली की माझ्या तोंडून कुलदैवताचे नाव आणि दिरांच्या तोंडून नको ते शब्द एकदमच बाहेर पडले. एका पाळण्यात तर माणसे चक्क उलटी होत. ह्यांच्या खिशातली सुटी नाणी खाली पडली, ती शोधण्यात अर्धा तास गेला. धाकटी दर वेळी "पुन्हा एकदा" म्हणत रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राही. आठ तास कसे गेले कळले नाही.

त्या आठ तासांत सासूबाई कुठे होत्या?

एका झाडाखाली, बाकावर. शेजारी चार पिशव्या, पाण्याची बाटली आणि आमच्या चपलांचे पाच जोड. त्यांचे तिकीट आम्ही पुरे काढले होते. पण आत शिरताक्षणीच ह्यांनी म्हटले, "आई, तू इथे बस, पिशव्यांकडे बघ." मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट, सोय झाली म्हणून बरेच वाटले. त्या फोटोत आम्ही पाच जणे दात काढून उभे आहोत, आणि कडेला, अर्धा खांदा कापलेला, त्यांचा पदर दिसतो.

मध्येच मी पाणी प्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला विचारले, "अगं, उलटे झाल्यावर पोटात कसे होते गं?"

मी हसले. म्हटले, "आई, तुम्हाला चक्कर येईल हो. तुमचे काम नव्हे ते." त्या काही बोलल्या नाहीत. माझा पदर सारखा करून त्यांनी मला परत पाठवले. तेव्हा त्यांचे वय चौपन्न होते. आज मी बासष्ट वर्षांची आहे आणि चौपन्नाची बाई मला तरुण वाटते!

त्या गेल्यानंतर तेराव्याला त्यांची धाकटी बहीण आली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "आमची ताई म्हणजे पाळण्याची वेडी! शिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा, चार पेट्यांचा, माणसे हातांनी फिरवायची. आम्ही रडून खाली उतरायचो. ही मात्र पेटी वर गेली की उभी राहायची, आणि पाळणेवाल्याला आणखी जोरात फिरवायला सांगायची. शेवटी वडील हाताला धरून उतरवायचे."

भगिनींनो, मी त्यांच्याबरोबर सत्तावीस वर्षे एका चुलीशी काढली. त्यांना भाजीत गूळ किती लागतो हे मला ठाऊक होते. पाळण्यात उभे राहणे त्यांना आवडायचे, हे ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते. त्यांनी विचारले, तर हसून उडवून लावले.

पुढे कोरोनाची साथ आली. टाळेबंदीनंतर एस्सेल वर्ल्ड फार काळ चालले नाही. शेजारचे १९९८ सालचे वॉटर किंगडम राहिले. ते बंद झाल्याचे ऐकून मुले हळहळली, बालपण गेले म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र झिपर डिपर आली नाही, ते झाडाखालचे बाक आले. पाळणे मोडले तर दुसरीकडे नवे उभे राहतात. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली इमॅजिका निघालेच की. पण बाकावर बसवलेले माणूस निघून गेले म्हणजे त्याची राहिलेली फेरी कुणाला देता येत नाही.

आता एक सूचना मांडते आणि थांबते. आपल्या मंडळाची यंदाची सहल इमॅजिकाला न्यावी. आपल्याला ते जवळ; खोपोलीची गाडी बदलापूरवरूनच जाते. आणि नियम करावा की पिशव्यांजवळ बसण्याच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतील, वयावरून नाही. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचे दुखणे आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. बाकी कोणत्याही आजीबाईंच्या वतीने सुनेने, लेकीने किंवा नातवाने "नको" म्हणू नये. ज्या त्या बाईला तिच्या तोंडावर विचारावे, आणि ती पहिल्यांदा नको म्हणाली तर दुसऱ्यांदाही विचारावे. कारण आपल्याला पहिल्यांदा नको म्हणायचीच सवय असते.

माझे नाव पिशव्यांच्या पहिल्या पाळीला लिहून घ्या. दुसऱ्या पाळीला मात्र मी सापडणार नाही.