अंगणवाडीची खोली आणि बाबासाहेबांचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विद्वान वक्ता नाही. गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्या.

आपल्या विहाराच्या मागच्या खोलीत अंगणवाडी भरते. समितीच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली. सरकारी भाडं थोडकं, तेही थकतं. त्यापेक्षा ती खोली एखाद्या इंग्रजी नर्सरीला द्यावी, विहाराला चार पैसे जास्त मिळतील. सूचना करणारे आपलेच आहेत, त्यांचा हेतू वाईट नाही. विहाराचं छत गळतंय हे मलाही दिसतं. पण होकार देण्याआधी बाबासाहेबांनी मांडलेला एक हिशेब ऐका.

१२ मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठ दिवस उरले होते. त्या दिवशी बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. त्यांनी सरकारपुढे सरकारचेच आकडे ठेवले. या इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च होतो १४ आणे आणि अबकारी करातून, म्हणजे दारूसारख्या मालावरच्या करातून, माणशी वसूल होतात २ रुपये २ आणे ९ पै. त्यांची मागणी सरळ होती. अबकारीतून लोकांकडून जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला. दुसरा आकडा याहून वाईट. प्राथमिक शाळेत शिरलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचत होती फक्त १८. बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होत होती.

आपण २० मार्चचं पाणी लक्षात ठेवलं, १२ मार्चचा हिशेब विसरलो. पण मागणी एकच होती. १९२३ च्या बोले ठरावात सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता. तळं सर्वांच्या पैशाचं, तशी शाळाही सर्वांच्या पैशाची. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणं मांडलं होतं. महसूल भरायचा कष्टकऱ्यांनी आणि शिक्षणाचा लाभ घ्यायचा वरच्यांनी!

आता आजचं बघू. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात लिहिलं होतं की दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. त्यात खालच्या वयाची मर्यादा नव्हती, लहानगीही त्यात आली. २००२ साली घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण मूलभूत हक्क झालं, पण ६ ते १४ वर्षांसाठी. सहाच्या आतली पोरं मार्गदर्शक तत्त्वातच राहिली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतला आहार हा हक्क झाला. तिथली बाराखडी मात्र अजून हक्क झाली नाही.

आणि शिकवणारी बाई? तिला पगार नाही, मानधन. २०१८ साली केंद्राने सेविकेचं मानधन दरमहा ४,५०० रुपये ठरवलं, राज्य त्यात भर घालतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, पन्नास दिवस मागे हटल्या नाहीत. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के खर्च करा म्हणून सांगितलं. २०२० च्या नव्या धोरणातही तोच आकडा आहे. तो अजून गाठायचाच आहे!

आम्ही गिरणीवाले एक गोष्ट जाणतो. कार्डिंग खात्यात कापूस नीट विंचरला नाही, तर पुढे रिंग खात्यात कितीही हुशार कामगार उभा करा, धागा तुटतच राहतो. ते ८२ धागे का तुटले असतील, याचा विचार करा. पहिल्या सहा वर्षांत पोराला खाणं, खेळणं, गोष्ट, रंग मिळाले नाहीत तर पहिलीची बाई एकटी काय करणार?

मी दुसऱ्याला नावं ठेवायला उभा नाही. माझा थोरला महापालिकेच्या शाळेत शिकला. धाकटीला मात्र मी सोसायटीचं कर्ज काढून नर्सरीत घातलं. ज्याला त्याला आपल्या पोरासाठी वाटतं, मलाही वाटलं. पण आम्ही एकेक जण बाहेर पडलो तसा शाळेचा पट घसरला. पट घसरला की तुकडी बंद, मग शाळा बंद करायला निमित्त मिळतं. बोलणारे पालक निघून गेले, राहिली ती ज्यांच्या आया चार घरची धुणीभांडी करतात त्यांची पोरं. त्यांच्या वतीनं कोण बोलणार?

म्हणून माझ्या तीन विनंत्या. एक, मागची खोली अंगणवाडीचीच राहू द्या. थकलेल्या भाड्याचा अर्ज समितीने लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि छतासाठी आपण घरटी वर्गणी काढू. पहिली पावती माझी फाडा. दोन, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला लागतात. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि त्या आराखड्याच्या आधारे अनुदान ठरावं असं कायदाच सांगतो. आपल्या भगिनींनी तिथे नुसत्या सह्या करू नयेत, आराखडा वाचून सही करावी. तीन, दरवर्षी १२ मार्चला या सभागृहात बसून आपल्या शाळेला किती पैसा आला, किती खर्चला, याचं जाहीर वाचन करावं.

चवदार तळ्यावर आपले पूर्वज पाण्याची भीक मागायला गेले नव्हते. जे सर्वांचं ते आपलंही, हे सांगायला गेले होते. मागच्या खोलीत सकाळी तीस-पस्तीस पोरं गाणी म्हणतात, तेव्हा मला ते तळंच वाटतं. ते आपल्या हातानं बुजवू नका, एवढंच सांगतो आणि तुमची रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!