अनंगाचा उत्सव



प्रेमाच्या सणाचे मूळ विचारले की हल्ली रोमच्या संत व्हॅलेंटाइनची कथा सांगतात. राजाज्ञा मोडून त्याने गुपचूप लग्ने लावली, हा तिच्यातला रम्य भाग पुष्कळ मागाहूनचा. त्या दिवसाचा प्रेमाशी संबंध ठळक दिसू लागतो तो चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यात. ही परकी रीत आपल्याकडे कशाला, असे विचारणाऱ्यांनी आपली कथाही आठवावी.

तारकासुराला शिवपुत्रच मारणार. म्हणून देवांनी मदनाला तपस्वी शंकराकडे धाडले. तिसरा डोळा उघडला आणि मदनाची राख झाली. रतीच्या विलापाने देव द्रवले. मदन जगला, पण देहावाचून; म्हणून तो अनंग. पुढे तो रुक्मिणीच्या पोटी प्रद्युम्न होऊन आला. आणि ही रुक्मिणी कोण? आपल्या विदर्भाची राजकन्या. भावाने ठरविलेला वर नाकारून कृष्णाला स्वतः निरोप धाडणारी! मदनाला पुन्हा देह मिळाला तो अशा मातेच्या उदरी, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

या देवाचे उत्सवही होते. हर्षाच्या सातव्या शतकातील ‘रत्नावली’त राणी वासवदत्ता अशोकवृक्षाखाली मदनाची पूजा करते. चैत्र शुद्ध त्रयोदशी आजही पंचांगात अनंगत्रयोदशी आहे. होळीचे मूळ कोणी ढुंढा राक्षसीत सांगतात, कोणी होलिकेत, तर दक्षिणेत कामदहनात.

आता आपल्या पोशेऱ्याकडे, जव्हार-मोखाड्याकडे पाहू. वीटभट्ट्यांवर गेलेली माणसे होळीला घरी परततात, तेव्हा कुठे या डोंगरांत वसंत येतो. येथे लग्नाच्या खर्चाला पैसा नाही म्हणून विधी पुढे ढकलून संसार मांडलेली जोडपी आढळतात. पुढे सामुदायिक विवाहात, कधी स्वतःच्या मुलांदेखत, त्यांना हळद लागते. शहरी माणूस याला हसतो. आम्ही म्हणतो, एकमेकांना दिलेला शब्द त्यांनी विधीवाचूनही वर्षानुवर्षे पाळला. हसण्याजोगे काही असेल तर ते लग्नाचा खर्च वाढविणाऱ्या आमच्या थाटामाटात आहे.

शंकराच्या क्रोधाने मदनाचा देह गेला, मदन गेला नाही. स्वतः शंकरानेही पुढे पार्वतीचे पाणिग्रहण केलेच! मुलामुलींच्या पसंतीवर डोळे वटारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी कथेचा हा उत्तरार्धही वाचावा, एवढीच आमची विनंती.